जुनं बाथरूम बेताच्या खर्चात नवं करताना

बेडरूमला लागून असलेलं बाथरूम जुनाट दिसायला लागलं की पहिला विचार सगळ्या फरश्या उखडण्याचा येतो. खर्चाचा सर्वांत मोठा वाटाही तिथेच जातो: फोडणं, राडारोडा वाहून नेणं, वॉटरप्रूफिंग, नवीन टाइल आणि मजुरी. पण बाथरूम जुनं दिसतं ते बहुतेक वेळा टाइलमुळे नव्हे. काळे पडलेले सांधे, पिवळं सिलिकॉन, क्षार बसलेले नळ, एकच मिणमिणता दिवा आणि कधीच न वाळणारी हवा, ही खरी कारणं असतात आणि ही सगळी भिंत न फोडता दुरुस्त होतात. अट एकच, आतून पाणी मुरत नसावं. मुरत असेल तर वरून केलेलं कोणतंही काम वर्षभरात वाया जातं. म्हणून रंग आणि नळ बघायला जाण्याआधी दोन दिवस तपासणीला द्या.

फोडायचं की नाही, हे कसं ठरवाल

लाकडी मूठ किंवा नाणं घेऊन प्रत्येक टाइलवर हलकेच ठोका. घट्ट बसलेली टाइल टणक वाजते, सुटलेली बद्द वाजते. बद्द वाजणाऱ्या टाइलवर पेन्सिलीने खूण करत जा. इकडेतिकडे चार-दोन टाइल सुट्या निघाल्या तर तेवढ्याच बदलता येतात. पण शॉवरखालच्या भागात सलग पट्टाच्या पट्टा बद्द वाजत असेल, तर खालचा माल पाण्याने सुटला आहे. तिथे फोडण्याला पर्याय नाही.

दुसरी तपासणी जमिनीची. ट्रॅपचं, म्हणजे जमिनीवरचं पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालच्या भागाचं, तोंड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या कापडाने घट्ट बंद करा आणि उंबरठा पुरेसा उंच असेल तर जमिनीवर साधारण २५ मि.मी. पाणी भरा. भिंतीवर पातळीची खूण करा आणि त्याच पाण्यात, पाणी आत शिरणार नाही असं, एक उभट भांडं भरून ठेवा. २४ तासांनी दोन्हीकडची पातळी किती उतरली ते मोजा. भांड्यातलं पाणी फक्त वाफेने कमी होतं. जमिनीवरचं पाणी त्याहून जास्त उतरलं असेल, तर ते कुठेतरी मुरतंय. एकदा ट्रॅपचं कापड नीट बसलं आहे ना ते पाहून पुन्हा भरा. तरीही तेच झालं तर जमीन फोडून वॉटरप्रूफिंग करायलाच हवं. खालच्या खोलीचं छत आणि शेजारच्या भिंतीची मागची बाजूही याच वेळी पाहून घ्या.

ओल बारा महिने सारखीच राहते का अंघोळीनंतर वाढते, यावरूनही बरंच कळतं. बाथरूम आठवडाभर बंद असूनही ओल तशीच असेल, तर संशय भिंतीतल्या पाइपवर घ्या, कारण त्यात पाणी कायम दाबाखाली असतं. वापरानंतर वाढत असेल तर सांधे, ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप. घरातले सगळे नळ बंद करून मीटर पाहिला आणि काटा तरीही हलत असला, तर पाइपच्या गळतीची शक्यता मोठी.

सकाळी पहिलं पाणी तांबूस येत असेल आणि पाइप लोखंडी असतील तर ते आतून गंजले आहेत. अशा पाइपांवर नवे नळ बसवायला गेलं की जुना नळ काढतानाच भिंतीतला एल्बो (पाइप वळवणारा जोड) तुटतो. नव्या टाइल लावल्यावर हे घडण्यापेक्षा पाइप आधी बदललेले बरे. या एका बाबतीत पैसे वाचवू नका.

कामाचा क्रम

आधी वायरिंग आणि ड्रिलिंग, मग जुने नळ काढणं, मग सांधे खरवडणं आणि भरणं, त्यानंतर छताचा रंग, मग नवे नळ आणि कमोडची कामं, शेवटी सिलिकॉन. हा क्रम मोडला की एकच काम दोनदा करावं लागतं. सिलिकॉन आधी लावलं तर ग्राउटची, म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरायच्या मालाची, धूळ त्यात बसते, आणि नळ आधी बसवले तर ग्राउट पुसताना त्यांच्यावर चरे पडतात.

सांधे: सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फरक

खरवडण्याआधी टाइल पूर्ण स्वच्छ करा. साबणाचा मेणचट थर आणि क्षाराचा पांढरा थर वेगवेगळे असतात. मेणचट थराला गरम पाणी आणि डिटर्जंट लागतं, क्षाराला सौम्य आम्ल. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ते टाइलवर दहा मिनिटं राहू द्या, नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. संगमरवर, मोझॅक किंवा इतर चुनखडीच्या दगडावर हे अजिबात वापरू नका, दगडाची चकाकी कायमची जाते. तीव्र ॲसिडने टाइल लख्ख दिसतात खऱ्या, पण ते सिमेंटचे सांधे खातं आणि नळांवरचा क्रोमचा थर काळवंडतो. आणि ब्लीच व कोणतंही आम्ल एकत्र कधीही येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. एका दिवशी एकच वापरा आणि मध्ये जागा नीट धुऊन घ्या.

जुन्या ग्राउटवर नुसता नवा थर फासला तर तो पापुद्रे होऊन निघतो. किमान ३ मि.मी. खोल खरवडावंच लागतं. हाताने चालवायचा ग्राउट रेक भिंतीच्या छोट्या भागाला पुरतो. अख्ख्या बाथरूमला कार्बाइड पातं लावलेलं ऑसिलेटिंग टूल (पातं वेगाने थरथरवणारं विजेचं हत्यार) भाड्याने आणा. पातं सांध्याच्या मध्यभागी ठेवा, जोर लावू नका. टाइलची कड उडते ती घाईमुळेच. मास्क आणि गॉगल हवेत. खरवडल्यावर व्हॅक्यूमने सांधे साफ करा. ब्रशने झाडलं तर बारीक धूळ आतच राहते आणि नवं ग्राउट तिच्यावर बसतं, टाइलवर नाही.

टाइल एकमेकींना अगदी चिकटवून बसवलेल्या असतील आणि सांधा दीड मि.मी.पेक्षाही अरुंद असेल, तर सरसकट खरवडण्याच्या फंदात पडू नका. कडा उडतील आणि दाट ग्राउट आत शिरणारही नाही. तिथे सुटलेला भाग तेवढा काढून बारीक, वाळूविरहित सिमेंट ग्राउट भरा.

किती माल लागेल याचं सूत्र सोपं आहे. टाइलची लांबी आणि रुंदी यांची बेरीज करा, तिला त्यांच्या गुणाकाराने भागा, मग सांध्याची खोली, सांध्याची रुंदी आणि १.६ यांनी गुणा. सगळी मापं मि.मी.मध्ये घेतली की उत्तर दर चौरस मीटरला किलोमध्ये येतं. टाइल २०० × ३०० मि.मी., खरवडलेली खोली ३ आणि रुंदी ३ असेल तर सुमारे ०.१२ किलो. म्हणजे २० चौ.मी. भिंतींना २.४ किलो, सांडणं-पुसणं धरून ३ किलो घ्या.

शॉवरच्या भिंती आणि जमीन यांना इपॉक्सी ग्राउट, बाकीच्या भिंतींना साधं सिमेंट ग्राउट, ही विभागणी बेताच्या खर्चात उत्तम चालते. इपॉक्सी पाणी शोषत नाही आणि त्यावर डाग बसत नाहीत. पण ते शिस्तीचं काम आहे. सांधे पूर्ण कोरडे हवेत, नाहीतर ते चिकटत नाही. धुतल्यावर निदान दोन दिवस पंखा लावून वाळवा. पाकिटातले घटक अंदाजाने अर्धे करू नका. अर्धंच लागत असेल तर काट्यावर तोला, कारण प्रमाण चुकलं की ग्राउट कधीच नीट कडक होत नाही. कालवलेला गोळा डब्यात ठेवला तर आतल्या आत तापून लवकर आवळतो, म्हणून तो पसरट ताटात काढा. एका वेळी २ ते ३ चौ.मी.च घ्या. रबरी फ्लोटने (मूठ असलेल्या रबरी थापीने) सांध्याला तिरकं दाबून भरा, फ्लोट कडेवर उभा धरून जास्तीचं काढा, आणि पाकिटावर दिलेल्या वेळेत ओल्या स्क्रबरने गोल फिरवत पुसा. टाइलवर राहिलेली चिकट झाक दुसऱ्या दिवशी दगडासारखी होते. पुसण्याचं पाणी वरचेवर बदला, गढूळ पाण्याने झाक उलट पसरते.

रंगाबद्दल स्पष्ट मत: जमिनीला शुभ्र पांढरं ग्राउट नको. मध्यम राखाडी सर्वांत जास्त काळ स्वच्छ दिसतो. टाइल वेड्यावाकड्या बसलेल्या असतील तर टाइलच्या रंगाच्या जवळचा रंग घ्या. गडद ग्राउटमुळे प्रत्येक वाकडी रेघ ठळक होते.

कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन

भिंत आणि जमीन जिथे मिळतात, दोन भिंती जिथे मिळतात, बेसिन किंवा टब जिथे भिंतीला टेकतो, तिथे थोडी हालचाल होतच असते. ग्राउट ताठ असतं, तिथे ते भेगाळतं आणि पाणी आत जातं. जुन्या बाथरूमच्या गळतीचं हे फार नेहमीचं कारण आहे आणि दुरुस्तीचा खर्च एका ट्यूबचा.

बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉनच घ्या. संगमरवर, आरसा आणि धातूजवळ न्यूट्रल प्रकारचं लागतं; व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाचा मागचा थर आणि दगड खराब करतं. ३०० मि.ली.च्या ट्यूबमध्ये ६ मि.मी. जाडीची १० मीटरच्या आसपास रेघ होते. जुनं सिलिकॉन पात्याने पूर्ण काढा, कारण सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला धरत नाही. जागा स्पिरिटने पुसा, वाळू द्या. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावा, एका दमात रेघ ओढा, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या बोटाने एकदाच गुळगुळीत करा आणि सिलिकॉन ओलं असतानाच टेप काढा. टब असेल तर आधी तो पाण्याने भरा आणि सिलिकॉन वाळेपर्यंत भरलेलाच ठेवा. रिकाम्या टबाला लावलेली रेघ पहिल्याच अंघोळीत वजनाने ताणून सुटते. २४ तास त्या जागेला पाणी लागू देऊ नका.

नळ आणि शॉवर

नळ टपकतो म्हणजे तो टाकाऊ झाला असं नाही. आतला वॉशर, स्पिंडल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज बदललं की बरेचसे पितळी नळ पुढची कित्येक वर्षं चालतात. जुना भाग काढून सोबत न्या: सिंगल लीव्हर कार्ट्रिजचा व्यास बहुतेक ३५ किंवा ४० मि.मी. असतो, स्पिंडलचे दाते मोजून घ्यावे लागतात. धार वाकडी किंवा बारीक झाली असेल तर तोंडाची जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा.

बदलायचेच असतील तर भिंतीवर दिसणारा मिक्सर बदलणं सोपं, कारण त्याच्या दोन पाइपांतलं अंतर सहसा १५० मि.मी. असतं आणि थोडा फरक तिरक्या लेगने जुळतो. भिंतीत गाडलेल्या कॉकचं तसं नाही. एका कंपनीचा वरचा भाग दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर बसत नाही, म्हणून तिथे त्याच कंपनीचे भाग मिळतात का ते आधी पाहा, नाहीतर भिंत फोडावी लागेल.

मोठा छताचा शॉवर घेण्याआधी १० लिटरची बादली किती वेळात भरते ते मोजा. सव्वा मिनिटाहून जास्त लागत असेल तर मोठ्या शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकेल. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येत असेल, तर टाकीची उंची दर मीटरला ०.१ बार दाब देते. टाकी शॉवरच्या ३ मीटर वर असेल तर ०.३ बार. अशा घरात १०० मि.मी.चा छोटा शॉवर किंवा हँड शॉवर मोठ्यापेक्षा जास्त सुख देतो.

टेफ्लॉन टेप आट्यांच्या टोकाकडून पाहताना घड्याळाच्या दिशेने गुंडाळा, आठ-दहा वेढे, पहिला आटा मोकळा. उलटा गुंडाळला तर फिटिंग फिरवताना टेप सुटून गोळा होतो. प्लास्टिकच्या फिटिंगमध्ये वेढे कमी ठेवा, जास्त टेपमुळे ती चिरते. अँगल कॉक आणि लवचीक पाइप जुने असतील तर नळांबरोबर तेही बदला. लवचीक पाइप हाताने घट्ट करून पान्याने फक्त पाव फेरा द्यायचा. त्याहून आवळलं तर आतला रबरी वॉशर कापला जातो.

कमोड आणि ट्रॅप

फ्लश टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर खालचा रबरी वॉशर गेला आहे. तो बदलणं पंधरा मिनिटांचं काम. नुसतं सीट कव्हर बदललं तरी कमोड नवा वाटतो. मागच्या दोन भोकांतलं अंतर, तिथून पुढच्या कडेपर्यंतची लांबी आणि जास्तीत जास्त रुंदी, ही तीन मापं घेऊन जा. अख्खा कमोड बदलत असाल आणि निचरा जमिनीत असेल, तर टाइल लावलेल्या भिंतीपासून पाइपच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. या मापात चूक झाली तर कमोड बसतच नाही. तो सिमेंटमध्ये गाडू नका. स्क्रूने बसवा, भोवती सिलिकॉन लावा आणि मागे बोटभर जागा मोकळी सोडा. गळती झालीच तर ती तिथून दिसते, खाली साठून राहत नाही.

दुर्गंधी येत असेल तर ट्रॅपमधलं पाणी पाहा. त्याची उंची साधारण ५० मि.मी. हवी, क्वचित वापरलेल्या बाथरूममध्ये ते सुकतं आणि गटाराची हवा वर येते.

हवा आणि उजेड

बुरशी पुन्हा पुन्हा येते ती ओलसर हवेमुळे. बाथरूमची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणा आणि उत्तर १० ने गुणा. तासाला तितके घनमीटर हवा बाहेर टाकणारा पंखा लागतो. २.४ × १.८ × २.७ मीटरच्या खोलीला सुमारे ११७. पंख्याने हवा घराबाहेर टाकावी, फॉल्स सीलिंगच्या पोकळीत नव्हे. दाराखाली १० ते १५ मि.मी. फट नसेल तर आत हवाच येत नाही आणि पंखा नुसता घरघरतो. अंघोळीनंतर १५-२० मिनिटं चालू ठेवा. त्यासाठी टायमर स्विच लावला तर लक्षात ठेवायला नको.

उजेडासाठी आरशाच्या वरच्या एका दिव्यापेक्षा दोन्ही बाजूंना डोळ्यांच्या उंचीवर लावलेले दिवे चांगले, चेहऱ्यावर सावली पडत नाही. उजेडाचा रंग ३००० ते ४००० केल्विन, म्हणजे उबदार ते मध्यम पांढरा. पाणी उडेल तिथे आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षणाचा दर्जा) किंवा वरच्या दर्जाचेच दिवे. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि या सर्किटवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना ते विचारा. नसेल तर टाइल किंवा आरशाच्या आधी ती बसवा.

टाइल आवडतच नसतील तर

दोन मार्ग आहेत. पहिला, भिंतीच्या टाइलवर दोन घटकांचा इपॉक्सी टाइल पेंट. बेसिनच्या आणि कोरड्या बाजूच्या भिंतींवर तो चांगला टिकतो, शॉवरखाली कमी, आणि जमिनीवर लावूच नये. तो सोलतो याचं कारण जवळजवळ नेहमी तयारीतलं असतं: साबणाचा थर, सिलिकॉनचे अवशेष किंवा न घासलेली चकाकी. टाइल धुऊन १५०-१८० नंबरच्या पॉलिश पेपरने मॅट होईपर्यंत घासा, धूळ पुसा, दोन पातळ हात द्या आणि डब्यावर सांगितलेले दिवस पाणी लागू देऊ नका.

दुसरा, जुन्या टाइलवर नवीन टाइल. जुनी एकही टाइल बद्द वाजत नसेल तरच. जुन्या टाइलवर चालणारं पॉलिमरयुक्त ॲडहेसिव्ह वापरा. २० किलोच्या गोणीत ३ मि.मी. जाडीने साडेचार ते पाच चौ.मी. होतं. जमीन १२ ते १५ मि.मी. वर येते हे विसरू नका: दार खालून कापावं लागेल, ट्रॅपची जाळी वर घ्यावी लागेल, गाडलेले कॉक आणखी आत जातील. ट्रॅपकडचा उतार दर मीटरला किमान १० मि.मी. राहायला हवा. गवंड्यासमोर बादलीभर पाणी ओतून पाहा. डबकं राहिलं तर ॲडहेसिव्ह ओलं असतानाच दुरुस्त होतं, नंतर नाही. जमिनीला मॅट टाइल घ्या, चकचकीत टाइल साबणाच्या पाण्यात धोकादायक असते.

नव्या कपाटासाठी किंवा रॉडसाठी भोक पाडताना नळांच्या आणि स्विचच्या सरळ वर-खाली पाडू नका, पाइप आणि वायरी तिथूनच जातात. खुणेवर मास्किंग टेप लावा, टाइल पार होईपर्यंत ड्रिल हॅमरवर टाकू नका, आणि प्लग ठोकण्याआधी भोकात सिलिकॉनचा थेंब भरा.

सगळं जोडून झाल्यावर बेसिनखालच्या आणि कमोडमागच्या प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळा आणि ४८ तास नेहमीसारखा वापर करा. बेसिनखालचं कपाट त्यानंतरच बसवा. ओला झालेला टिश्यू कोणता सांधा पुन्हा आवळायचा ते सांगतो, आणि आवळूनही ओल राहिली तर तो सांधा उघडून टेप नव्याने गुंडाळा. वरून सिलिकॉन फासून पाण्याचा दाब थांबत नाही.